पुन्हा तबकडीकडे वळताना: घरी बांधलेला फोनो प्रीअँप आणि त्याच्या जोडीची निवड

दीड वर्षापूर्वी वडिलांच्या संग्रहातील सुमारे दोनशे ध्वनिमुद्रिका माझ्याकडे आल्या आणि पंचवीस वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा तबकड्या ऐकू लागलो. त्यासाठी जो संच जमवला, त्यातील टर्नटेबल आणि कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारा ठोकळा) विकत घेतले आहेत आणि त्यांना अँप्लिफायरशी जोडणारा फोनो प्रीअँप मी घरी बांधला आहे. वर्षभराच्या रोजच्या वापरानंतर या तिन्हींविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण या विषयावर आपल्याला जे सल्ले मिळतात ते बहुतेक पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांच्या गरजेतून आलेले असतात आणि ज्याच्या कपाटात प्रामुख्याने ख्यालगायनाच्या तबकड्या आहेत, त्याची गरज एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी असते.

ती गरज आधी सांगतो, कारण पुढची सारी निवड तिच्यावर अवलंबून आहे. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि हा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. परंतु चर, म्हणजे आवाज कोरलेली खाच, आत आत सरकत जाते तसतसा प्रत्येक फेरा लहान होतो आणि सुईखालून जाणाऱ्या चरीचा वेग घटत जातो. बाहेरच्या कडेशी तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, तर लेबलाजवळ तो २१ सेंटिमीटरपर्यंत खाली येतो. म्हणजे एका सेकंदाच्या गाण्याला आरंभी जेवढी जागा मिळते, तिच्या निम्म्याहूनही कमी जागा त्याला शेवटी मिळते, आणि तेथील बारीक वळणे सुईला नीट वाचता आली नाहीत की आवाज फाटू लागतो. आता आपल्या ख्यालाची मांडणी पाहावी. तबकडीच्या बाहेरच्या कडेला विलंबित लयीतील शांत आलापी असते, आणि वीस-बावीस मिनिटांनंतर, नेमक्या लेबलाजवळच्या चरींमध्ये, द्रुत बंदिश, तारसप्तकातील ताना आणि तराणा येतो. जागा जिथे सर्वांत अपुरी, तिथेच गायक सर्वांत वेगाने आणि सर्वांत मोकळ्या आवाजात गात असतो. माझ्या लहानपणी किशोरीताईंच्या किंवा भीमसेनजींच्या तबकडीचा शेवट आला की आवाजात एक प्रकारची खरखर मिसळत असे आणि ती तबकडीतच आहे, असे आम्ही सगळे समजत होतो. तिच्यातला मोठा भाग सुईचा होता, हे मला आता कळले.

म्हणून माझे पहिले मत असे, की परत येणाऱ्याने पैशाचा आणि लक्षाचा सर्वांत मोठा वाटा सुईला द्यावा. मी ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ई या कार्ट्रिजपासून सुरुवात केली. त्याची सुई लंबवर्तुळाकार आहे, ते सुमारे ४ मिलिव्होल्ट संदेश देते आणि त्याला २ ग्रॅम भार लागतो. या मालिकेचा सर्वांत मोठा गुण असा, की कार्ट्रिजचा ठोकळा तोच ठेवून फक्त पुढची सुई बदलता येते. सहा महिन्यांनी मी त्याच ठोकळ्यावर मायक्रोलिनिअर घडणीची एमएल सुई बसवली. तिची धार चरीच्या भिंतीला अधिक उंचीपर्यंत आणि अधिक अरुंद रेषेत भिडते, त्यामुळे लेबलाजवळची बारीक वळणे तिला वाचता येतात. पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम तबकड्यांच्या फक्त शेवटच्या पाच मिनिटांचे भाग एकामागून एक लावून पाहिले. तानेतील प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत होता, आणि ज्या दोन तबकड्या मी ‘झिजल्या’ म्हणून बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यांपैकी एक जवळजवळ निर्दोष निघाली. याचे कारणही तर्काला धरून आहे. त्या काळच्या घरगुती पेट्यांमधील सिरॅमिक कार्ट्रिजची जाड आणि जड सुई चरीच्या ठरावीक पट्ट्यात भिंत घासत असे. वेगळ्या घडणीची सुई भिंतीच्या न घासलेल्या भागाला टेकू शकते. दुसरी तबकडी मात्र खरोखरच गेलेली आहे आणि तिला कोणतीही सुई वाचवू शकणार नाही. एमएल सुईची किंमत मूळ कार्ट्रिजच्या किमतीपेक्षा बरीच अधिक आहे, तरीही या संपूर्ण संचात जो खर्च मी पुन्हा विचार न करता करीन, तो हाच.

टर्नटेबलविषयी थोडक्यात सांगतो. मी एटी-एलपी१२०एक्स घेतले आहे. ते डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरवर थेट फिरणारे) असून त्यावर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग मिळतात, कार्ट्रिज धरणारा पुढचा हेडशेल सुटा होतो आणि वेग कमीजास्त करण्याची पट्टी आहे. ही पट्टी पाश्चात्त्य श्रोत्याला बहुधा निरुपयोगी वाटेल. मला ती फार मोलाची वाटते, कारण तबकडीतील षड्ज किंचित सरकवून आपल्या तंबोऱ्याशी जुळवता येतो आणि विद्यार्थ्याला सोबत गाता येते. ज्याचे अंदाजपत्रक मोठे आहे त्याने टेक्निक्सच्या एसएल-१२००चा विचार करावा. १९७२ साली आलेले आणि २०१०मध्ये थांबवलेले हे यंत्र २०१६पासून पुन्हा तयार होऊ लागले आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. माझ्या मेहुण्याने न्यू जर्सीहून एक सुंदर जुने बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणून दिले होते. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडून मी ते सुरू केले आणि गाणे विचित्र जडशीळ वाटू लागले. त्या यंत्रातील सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर चालणारी होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता बदलत नाही; अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे आणि आपल्याकडे ५०. त्यामुळे तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २८ फेरे घेत होती आणि काळी एकचा (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज तीन अर्धस्वर उतरून खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली गेला होता. परदेशातून येणाऱ्या आप्तांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी ५० हर्ट्झसाठीची वेगळी पुली मिळते का, हे आधी विचारून घ्यावे.

आता प्रीअँप, ज्यावर माझे सर्वाधिक दिवस खर्च झाले. तो का लागतो, हे समजल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. तबकडी कोरताना खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर चर इतकी रुंद हेलकावे घेईल की एका बाजूवर थोडीच मिनिटे मावतील, आणि वरचे स्वर जसेच्या तसे कोरले तर ते पृष्ठभागाच्या खसखशीत बुडतील. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचा भाग उचलतात. वाजवताना त्याच्या नेमके उलट करावे लागते. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए (अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) मानकाने हा उलटा आलेख ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद अशा तीन आकड्यांनी बांधून दिला आहे. वारंवारतेच्या भाषेत ते सुमारे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ होतात. या आलेखात २० हर्ट्झ आणि २० किलोहर्ट्झ यांच्या वर्धनात जवळजवळ नव्वद पटींचा फरक असतो. तेव्हा प्रीअँपकडे दोन कामे असतात: कार्ट्रिजचे ४ मिलिव्होल्ट शंभर पट वाढवणे आणि हा तिरका आलेख दोन्ही बाजूंना अगदी सारखा सांभाळणे.

मी आधी एक तयार डबी विकत घेतली होती. तिचे नाव घेत नाही, कारण दोष तिच्या बांधणीइतकाच माझ्या निवडीचाही होता. तंबोऱ्याच्या तारा काचेसारख्या खणखणत आणि ‘स’ बोचरा लागत असे. डबी उघडल्यावर तिच्या इनपुटला २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग; पिकोफॅरड हे त्याच्या क्षमतेचे माप) आढळला. माझ्या टर्नटेबलच्या तारांचे आणि आतल्या जोडण्यांचे मिळून मी सुमारे १८० पिकोफॅरड मोजले होते. एकूण ४०० झाले. व्हीएम९५ई कार्ट्रिजसाठी निर्मात्याने १०० ते २०० पिकोफॅरडची मर्यादा दिली आहे. त्या कार्ट्रिजच्या वेटोळ्याचे इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे, आणि ते या ४०० पिकोफॅरडशी मिळून साधारण पावणेअकरा किलोहर्ट्झला अनुनाद, म्हणजे तेवढ्याच स्वरांना फुगवणारा उठाव, निर्माण करते. कानाला बोचते ते तिथेच. मी नव्या मंडलात ४७ पिकोफॅरड ठेवले, तेव्हा तो अनुनाद चौदा किलोहर्ट्झच्या वर गेला आणि जवारी (तंबोऱ्याच्या तारेचा गुंजता झंकार) पुन्हा जवारीसारखी ऐकू येऊ लागली. ज्याच्याकडे लांब तारा आहेत आणि त्या बदलता येत नाहीत, त्याने ऑर्टोफोनचे २एम रेड घ्यावे. त्याची मर्यादा १५० ते ३०० पिकोफॅरड आहे. कार्ट्रिज, तार आणि प्रीअँप या तिघांना एकच वस्तू मानून निवडायला हवे, हे मी या एका कपॅसिटरकडून शिकलो.

मंडलाची कल्पना माझी नाही. ऑस्ट्रेलियातील रॉड एलियट यांनी ‘प्रोजेक्ट ०६’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या रचनेची बैठक मी घेतली आणि माझ्याजवळच्या भागांनुसार मूल्ये पुन्हा काढली. तिच्यात पहिला टप्पा फीडबॅकमधून खर्जाकडची दोन वळणे सांभाळतो, मधली साधी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी ७५ मायक्रोसेकंदांचे काम करते आणि दुसरा टप्पा उरलेले वर्धन देतो. कामाची अशी विभागणी असल्यामुळे एका वळणातील चूक दुसऱ्यात शिरत नाही आणि पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हातात घेणाऱ्यालाही आपण कुठे चुकलो हे शोधता येते. ७५० ओहम आणि १०० नॅनोफॅरड यांचा गुणाकार नेमका ७५ मायक्रोसेकंद येतो. खर्जासाठी मी ३३ नॅनोफॅरडच्या जोडीला ९१ आणि ५.६ किलोओहम एकापुढे एक जोडले. ते ३१८८ मायक्रोसेकंद होतात, म्हणजे मानकापासून पाव टक्का दूर.

हे आकडे कागदावर सोपे आहेत. अडचण अशी, की बाजारातील कपॅसिटर पाच टक्के इकडे-तिकडे असू शकतो. पुण्यातल्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून मी पॉलीप्रोपिलीनचे वीस कपॅसिटर आणले, कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर एकेक मोजला आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी जुळणाऱ्या जोड्या लावल्या. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर हेच मिळेल. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर स्वस्त आहेत, तिथे मोजण्याचा खटाटोप आवश्यक नाही. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळणे हे मानकाशी तंतोतंत जुळण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण त्या जुळल्या नाहीत तर गायकाचा आवाज मधोमध स्थिर राहत नाही आणि स्वर बदलला की तो किंचित सरकतो. बांधून झाल्यावर संगणकातून उलट्या आलेखाचा संदेश पाठवून मी मोजमाप घेतले. ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात चूक ०.३ डेसिबलच्या आत आली. एवढ्या खर्चात इतकी अचूकता मिळेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

ऑप-अँपविषयी, म्हणजे वर्धन करणाऱ्या चिपविषयी, फार चर्चा होते आणि माझ्या मते ती गरजेपेक्षा जास्त होते. मी सॉकेट बसवून एनई५५३२ आणि ओपीए२१३४ असे दोन्ही आळीपाळीने वापरले. पहिल्याचा व्होल्टेजचा गोंगाट कमी, पण प्रवाहाचा गोंगाट जास्त आहे. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या, माझ्यासारख्या) कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा रोध वरच्या वारंवारतेला कित्येक किलोओहमपर्यंत वाढतो आणि तिथे हा प्रवाहाचा गोंगाट अंगावर येतो. दुसऱ्याचे इनपुट फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचे असल्याने तो प्रश्न उरत नाही. सुई उचललेली असताना आणि आवाज पूर्ण वाढवल्यावर मला दोघांतील फरक कानाने कळला. सुई तबकडीवर ठेवताच पृष्ठभागाच्या खसखशीत तो नाहीसा झाला. मी ओपीए२१३४ ठेवला आहे, पण ज्याला एनई५५३२ सहज मिळतो त्याने दुसऱ्याच्या शोधात आठवडे घालवू नयेत.

आठवडे घालवायचेच असतील तर ते घुंकाराच्या बंदोबस्तासाठी ठेवावेत. आरआयएए आलेख ५० हर्ट्झला मधल्या सप्तकाच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल अधिक उचलतो, म्हणजे घरातील विजेच्या घुंकाराला तो जणू आमंत्रणच देतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या गलबल्यात हा आवाज लपून जातो. आपल्याकडे दोन आलापांच्या मधल्या शांततेत फक्त तंबोरा असतो, आणि तिथे घुंकार हा एक उपरा स्वर होऊन बसतो. गायकाचा षड्ज काळी एक असेल तर १०० हर्ट्झची घरघर तीव्र मध्यमाहून जरा चढी पडते. शुद्ध मध्यमाच्या रागात हे किती असह्य होते, ते ऐकणाऱ्यालाच कळेल.

माझ्या पहिल्या बांधणीत दोन्ही प्रकारचे घुंकार होते, आणि ते वेगळे ओळखता आले म्हणूनच दूर करता आले. नुसता ५० हर्ट्झचा खोल आवाज असेल तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेच्या दुहेरी वाटेतून येतो. १०० हर्ट्झचा कडक, तारेवर घासल्यासारखा आवाज असेल तर तो रेक्टिफायरपासून (विजेचा प्रवाह एकदिश करणाऱ्या भागापासून) येतो. मी १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर प्रीअँपच्याच डब्यात कोपऱ्यात ठेवला होता. तो रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरांसह वेगळ्या पत्र्याच्या डब्यात घालून मीटरभर तारेने दूर नेला, तेव्हा पहिला घुंकार गेला. दुसऱ्याला तीन रविवार लागले. कपॅसिटर भरताना जो झटक्याझटक्याचा प्रवाह वाहतो, तो संदेशाच्याच जमिनीच्या तारेतून परतत होता. सगळ्या जमिनी एका बिंदूपाशी आणून तिथून एकच तार बाहेर काढल्यावर आवाज शांत झाला. टर्नटेबलची सुटी हिरवी तारही त्याच बिंदूला जोडली आहे. वेगळ्या डब्याचा आणखी एक लाभ असा, की २३० व्होल्टचा भाग एका बंद, अर्थिंग केलेल्या आणि फ्यूज असलेल्या पेटीत राहतो. ज्यांना त्या भागाला हात लावायची सवय नाही, त्यांनी तो एखाद्या जाणकाराकडूनच करून घ्यावा.

आणखी एक दुरुस्ती उशिरा सुचली. पावसाळ्यात वाकलेली एखादी तबकडी लावली की वूफरचा पडदा हळूहळू आत-बाहेर होताना दिसे. तबकडी सेकंदाला अर्ध्याहून थोडा अधिक फेरा घेते, तेव्हा तिचा बाक ऐकू न येणारी, पण अँप्लिफायरला दमवणारी लाट तयार करतो. बाहेर पडणाऱ्या वाटेवर मी ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला. माझ्या अँप्लिफायरच्या ४७ किलोओहम इनपुटशी मिळून तो १५ हर्ट्झच्या खालचे सारे हळूहळू कापतो. ३० हर्ट्झला त्यामुळे सुमारे एक डेसिबलची घट येते, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात मला तिचा मागमूस लागलेला नाही.

दोन्ही डबे, ट्रान्सफॉर्मर आणि सारे भाग मिळून माझा खर्च चार हजार रुपयांच्या आसपास झाला. मीटर आणि सोल्डरिंगचे साहित्य आधीपासून होते. फक्त पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करू नये, कारण वेळ मोजला तर तो मुळीच स्वस्त नाही. ज्याला इनपुटचा कपॅसिटर आपल्या कार्ट्रिजप्रमाणे बदलायचा आहे, किंवा ज्याच्याकडे वेगवेगळ्या काळातील तबकड्या आहेत, त्याने मात्र तो जरूर करावा.

माझ्या संग्रहात बालगंधर्वांच्या आठ आणि इतर मिळून तीसएक ७८च्या तबकड्या आहेत, आणि घरच्या बांधणीचा खरा उपयोग मला त्यांच्यासाठी झाला. त्यांची चर रुंद असते आणि एलपीची सुई तिच्या तळाशी खडखडत राहते. व्हीएम९५ मालिकेतच एसपी नावाची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई आहे, ती ५ ग्रॅम भाराने बसते आणि ठोकळा तोच चालतो. या तबकड्या लाखेच्या आहेत, तेव्हा एलपी धुण्याचे अल्कोहोलमिश्रित पाणी त्यांना कधीही लावू नये, लाख विरघळते. त्या आरआयएएच्या फार आधी कोरल्या गेल्या, म्हणून ७५ मायक्रोसेकंदांची छाटणी लावली की आवाज मंद आणि कोंदट होतो. मी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर बाहेर काढणारा एक स्विच बसवला आहे, आणि दुसरा स्विच डावी-उजवी बाजू एकत्र करतो. या तबकड्या एकाच मार्गाच्या असल्याने दोन्ही बाजू मिळवल्या की सुईच्या वरखाली होण्यातून येणारी खरखर बरीचशी एकमेकींना छेदून जाते. खर्जाकडचे वळण प्रत्येक कंपनीचे वेगळे होते, त्यासाठी तिसरा, चार जागांचा स्विच बसवण्याचे काम सध्या चालू आहे; कोणत्या तबकडीला कोणती जागा, हे मी कानाने ठरवून प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवत आहे.